बारा आणि तेराच्या मध्ये

दुपारचे दोन वाजायला पाच मिनिटं उरली, की बायकांच्या वॉर्डात हाकाहाक सुरू व्हायची. डबे आवरा, पिशव्या पलंगाखाली सारा, पुरुषमाणसं बाहेर व्हा. सकाळच्या सिस्टरची ड्यूटी संपायची, दुपारच्या सिस्टरची लागायची, आणि दोघी मिळून चोवीस पलंगांना एक फेरी मारायच्या. फेरी चालू असताना पेशंटपाशी नातेवाईक नको, असा सरकारी दवाखान्याचा नियम. नियम ऐकला की भलेभले मान खाली घालून व्हरांड्यात जायचे. सासूबाई जायच्या नाहीत.

पहिल्याच दिवशी सकाळच्या चष्मेवाल्या सिस्टरने त्यांना हटकलं. सासूबाई स्टुलावरून हलल्यासुद्धा नाहीत. "बाई, मी हिच्याजवळ बसलेले नाही," त्या म्हणाल्या, "ही माझ्याजवळ निजलीय. न्यायचं तर तिला न्या बाहेर." शेजारच्या तेरा नंबरवर एक शिवणकाम करणारी बाई होती, ती पोटाचे टाके दाबून धरत हसली. चष्मेवाली हसली नाही, पण पुन्हा बोललीही नाही. सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, तरी त्यांच्यासमोर एकदा बोललेलं माणूस दुसऱ्यांदा बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

म्हणून ती फेरी त्यांना बसल्या जागेवरून अथपासून इतिपर्यंत दिसली. जाणारी सिस्टर एकेका पलंगाच्या पायथ्याशी थांबायची आणि वहीतून वाचायची: ताप किती, लघवी किती, कितवी बाटली चालू, रात्री काय झालं, काय द्यायचं राहिलं. येणारी सिस्टर बाटली बघायची, पट्टी बघायची, पेशंटच्या तोंडाकडे बघायची. मग पायथ्याच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून एकच शब्द म्हणायची: "घेतलं." तिथून पुढे तो पेशंट तिचा. दांडीला हात लागेपर्यंत जाणारीची सुटका नाही, मग बाहेर तिची बस निघून गेली तरी चालेल. ही रीत सासूबाईंना मनापासून पटली. घर सुनेच्या ताब्यात द्यायची वेळ आलीच, तर असंच द्यावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ती वेळ त्यांनी तीन वर्षं लांबवली होती, ही गोष्ट वेगळी.

सून बारा नंबरवर होती. पोट दुखतंय, उलट्या होतायत, म्हणून आदल्या संध्याकाळी रिक्षात घालून आणलेली. भरती करून घेणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय. सासूबाई म्हणाल्या, आजच सकाळपासून. घरी काही औषध दिलं? काही नाही. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं, पोट दाबून बघितलं, सोनोग्राफीत नुसता वायू दिसला. एकच दिवस झालाय, आपण सलाइन आणि इंजेक्शनवर दोन दिवस बघू, म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती की सुनेचं पोट तीन दिवस दुखत होतं.

पहिल्या दिवशी ती भांडी अर्धी टाकून कुशीवर निजली, तेव्हा सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या होत्या, की काही जणींचं पोट कामाची वेळ बघूनच दुखतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एरंडेल दिलं. दोन मोठे चमचे, गरम पाण्यातून. नको नको म्हणत होती. वाटी रिकामी होईपर्यंत सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती न्हाणीत पडलेली सापडली. मुलगा कारखान्यात सलग दोन पाळ्या करत होता. घरी यायचा तो झोपायलाच. त्यालाही दवाखान्यातून फोनवर सासूबाईंनी आजच सकाळपासून दुखतंय, असंच सांगितलं.

डॉक्टर लिहून घेत होते तेव्हा सून शुद्धीत होती. तिने एकदा सासूबाईंकडे बघितलं आणि डोळे मिटले. खरं ते सांगायला तिला कुणी अडवलं नव्हतं. सांगितलं नाही. आणि हेच सासूबाईंना टोचत होतं. भांडली असती तर त्यांनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

तर त्या दुपारची फेरी. सिस्टर दोघी बाराजवळ थांबल्या. चष्मेवालीने वाचलं: पोटदुखी, एका दिवसाची. ताप एकशे एक. उलटी नाही. दुपारची सिस्टर उंच होती, मान जराशी वाकवून बघायची सवय असलेली. तिने दांडीवर हात ठेवला. घेतलं. मग दोघी पुढे निघाल्या.

बारा आणि तेराच्या मध्ये एक पलंग मावेल एवढी जागा रिकामी होती. भिंतीत ऑक्सिजनचा नळ होता, बाटली टांगायचा हूक होता, खाली फरशी. भिंतीवर आकडा नव्हता. त्या जागेसमोर दोघी थांबल्या. चष्मेवालीने वहीत बघून हलक्या आवाजात काहीतरी वाचलं. उंच सिस्टर वाकून बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, कमरेएवढ्या उंचीवर, बोटं जराशी वळवून, आणि म्हणाली, "घेतलं." मग तेरा.

असेल काहीतरी, सासूबाईंना वाटलं. सरकारी कामात असतंच काही ना काही.

पण त्यांच्या नजरेतून ते सुटेना. चार वाजता त्यांनी तेरा नंबरच्या बाईला विचारलं, की या मध्येच का थांबतात? ती म्हणाली, कुठे थांबतात? बाराकडून सरळ माझ्याकडे येतात की. ती इथे अकरा दिवस होती आणि दिवसभर तिला दुसरा उद्योग नव्हता. कुठल्या सिस्टरचं लग्न कुठे मोडलं इथपर्यंत तिला माहिती होती. मग सासूबाईंनी उंच सिस्टरलाच गाठलं, की त्या जागेवर कोण आहे. उंच सिस्टरने तिकडे बघितलं आणि मायेने म्हणाली, "आजी, तिथे पलंग तरी आहे का? जरा पडा तुम्ही. रात्रभर जागरण झालंय."

सासूबाई पडल्या नाहीत, स्टूल त्या जागेकडे वळवून बसल्या.

रात्री आठच्या फेरीला त्या सुनेचं डोकं चेपायच्या निमित्ताने पलंगाच्या त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. आता वाचणारी उंच सिस्टर होती आणि घेणारी रात्रपाळीची, जाडजूड, सपातांचा फटक फटक आवाज करणारी. बारा झालं. पोटदुखी, एका दिवसाची. ताप एकशे एक. घेतलं. सपाता चार पावलं वाजल्या आणि थांबल्या.

उंच सिस्टर वाचत होती. आवाज हलका होता, पण सासूबाईंचे कान शाबूत होते.

"पोटदुखी, तीन दिवसांची. ताप एकशे तीन. पोट ताठ. घरी अंगावर काढलं."

"घेतलं," जाडी म्हणाली.

सासूबाईंचे हात सुनेच्या कपाळावर तसेच थांबले. तेरा नंबरचं म्हणत असतील. पण तेरा नंबरला पित्ताशयाचे खडे होते आणि ताप नावालाही नव्हता. सुनेचं कपाळ तापलेलं होतं. ती पुटपुटली, "आई, पाणी." पाणी द्यायला मनाई होती. सासूबाईंनी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला आणि म्हणाल्या, की झोप, सकाळी बरं वाटेल. आवाज नेहमीसारखा कडक आला नाही, तशी सुनेने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

पहाटे सगळा वॉर्ड झोपेत असताना त्या उठल्या आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. भूतबाधा, नजर, उतारे, असल्या गोष्टींना त्यांनी घरात कधी थारा दिला नव्हता. शेजारपाजारच्या बायका कुणाच्या अंगात आलं म्हणून धावत गेल्या, तर या दार लावून तांदूळ निवडत बसायच्या. त्या बघायला गेल्या ते शेगडी विझली की नाही हे बघावं तसं. भिंतीवर, उशी असली तर डोकं टेकेल तितक्या उंचीवर, तेलकट डाग होता. त्यांनी बोट लावलं. डाग ओला होता. फरशी गारठलेली असायला हवी होती. ती कोमट होती, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. आणि वास येत होता. फिनेलचा नाही, औषधांचा नाही. तो जडसर, घशाशी येणारा वास त्यांना लहानपणापासून ओळखीचा होता. एरंडेलाचा.

त्या परत स्टुलावर येऊन बसल्या आणि हात पदराला पुसत राहिल्या.

सकाळी आठला त्या पलंगाच्या बाजूला गेल्या नाहीत. स्टुलावरच बसल्या, मान वळवून. तरी ऐकू आलं.

"दुसऱ्या दिवशी एरंडेल पाजलं. दोन मोठे चमचे. पेशंट नको म्हणत होती. सासूने पाजलं. सांगितलेलं नाही."

"घेतलं," चष्मेवाली म्हणाली.

ती बंद दाराआडची, स्वयंपाकघरातली गोष्ट होती. सासू-सुनेखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. हिने सांगितलं असेल का? पण सुनेची जीभ सुकून टाळ्याला चिकटली होती, आणि रात्रभर सासूबाई तिच्या उशाशीच होत्या.

दहाला डॉक्टर आले. पोटावर हात ठेवताच सून कण्हली. त्यांनी पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग म्हणाले, "आजी, नीट आठवून सांगा. नक्की परवाच दुखायला लागलं ना? त्याच्या आधी नाही?"

त्यांच्या पाठीमागे मुलगा उभा होता, पाळी संपवून तसाच आलेला, हाताला ग्रीस लागलेला. त्याने बायकोचा पाय चादरीवरूनच धरून ठेवला होता.

एक शब्द पुरेसा होता. सासूबाईंना तो शब्द ठाऊक होता आणि तो न बोलल्याने काय होईल हेही ठाऊक होतं. पण मुलगा ऐकत होता. तेरा नंबरची ऐकत होती. संध्याकाळपर्यंत सगळा वॉर्ड आणि उद्यापर्यंत सगळी आळी म्हणाली असती, की सुनेला मारायला निघाली होती म्हातारी.

"नक्की," त्या म्हणाल्या.

डॉक्टर संध्याकाळी पुन्हा बघतो म्हणून गेले. मुलाला सासूबाईंनी जेवून, झोपून यायला घरी पिटाळलं. तो जाताना म्हणाला, की तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. सासूबाईंनी त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

दुपारी बारा वाजल्यापासून सुनेचा श्वास बदलला. वरवरचा, भराभर. एकला तिची बोटं गार पडली. सासूबाईंनी ती आपल्या दोन्ही हातांत धरून चोळली. सिस्टरला हाक मारली तेव्हा चष्मेवाली आली, नाडी बघितली, डॉक्टरांना कळवते म्हणाली, बाटलीचा वेग वाढवून गेली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला आले. डबे आवरा, पिशव्या आत घ्या.

दोघी बाराजवळ आल्या. ताप एकशे दोन. नाडी जलद. पोटदुखी, एका दिवसाची, परवापासून. उंच सिस्टरने दांडीवर हात ठेवला.

चार पावलं.

चष्मेवालीने वहीत बघितलं. तिचा चेहरा बदलला नाही. भाजीची यादी वाचावी तसं ती वाचू लागली.

"दोन वाजून दहा मिनिटं. नाडी लागत नाही. श्वास नाही. डॉक्टरांनी बघितलं. नातेवाइकांना कळवायचं आहे."

घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

उंच सिस्टरने हात पुढे केला. बोटं वळवली.

सासूबाई स्टूल लाथाडून उठल्या आणि त्या हाताच्या आणि त्या जागेच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"घेऊ नका," त्या म्हणाल्या. "थांबा. मी खोटं बोलले."

दोन्ही सिस्टर त्यांच्याकडे बघू लागल्या, झोपेतून उठवल्यासारख्या.

"त्याच्याही आदल्या दिवसापासून दुखत होतं हिला. एक नव्हे. दोन दिवस."

उंच सिस्टर झटकन बाराकडे वळली. तिने सुनेचं पोट चाचपलं, पापणी वर करून बघितली आणि चष्मेवालीला म्हणाली, की डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलाव. मग मान वाकवून सासूबाईंना विचारलं, "आजी, घरी काही दिलं होतं? खरं सांगा. गोळी, काढा, तेल, काही?"

तेरा नंबरची उशीवरून अर्धी उठली होती. सुनेचे डोळे उघडे होते. ती सासूबाईंकडे बघत होती. रागाने नाही. वाट बघावी तसं.

"गरम पाण्याची पिशवी दिली होती," सासूबाई म्हणाल्या.

"आणखी काही?"

"आणखी काही नाही."

सुनेने डोळे मिटले.

मग धावपळ झाली. स्ट्रेचर आलं, कागदावर अंगठा झाला, थिएटरचं दार लागलं. सासूबाई बाकावर बसून राहिल्या. आत नेलं तेव्हा घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि सून श्वास घेत होती. तेवढं त्यांनी पक्कं बघून घेतलं होतं. मुलगा धापा टाकत आला. त्यालाही त्यांनी सांगितलं. दोन दिवस. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा राहिली.

सात वाजता डॉक्टर बाहेर आले. आतडं फुटलं होतं, घाण पसरली होती, सगळं धुऊन काढलं. अजून सांगता येत नाही, पण दुपारी बोललात म्हणून निदान टेबलावर तरी घेता आलं, म्हणाले. मुलगा तिथेच भिंतीला टेकून रडला. सासूबाई रडल्या नाहीत. छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या मागोमाग एक विचार आला, अगदी त्यांच्या नेहमीच्या डौलात: म्हणजे दोन दिवसच पुरले. तिसरा आणि ते तेल सांगायची गरज नव्हती.

सुनेला वॉर्डात आणलं तेव्हा आठची फेरी केव्हाच होऊन गेली होती. बारा नंबरवर कॅज्युअल्टीतून आलेली कुणी म्हातारी निजली होती. वॉर्डबॉयांनी चाकांचा पलंग ढकलत आणला आणि बारा आणि तेराच्या मध्ये, ऑक्सिजनच्या नळाखाली लावला. सासूबाई म्हणाल्या, तिथे नको. दुसरीकडे जागा कुठे आहे आजी, म्हणत त्यांनी चाकांचे खटके दाबले आणि ते गेले. मुलाला बायकांच्या वॉर्डात थांबू देईनात. सकाळी नऊला येतो, म्हणून तोही गेला.

रात्र सरळ गेली. ताप उतरला. पहाटे सुनेने स्वतःहून कूस बदलायचा प्रयत्न केला. साडेसातला ती चांगली जागी होती, डोळे स्वच्छ, बोटं गरम. भूक लागली म्हणाली. सासूबाईंनी तिचे केस विंचरले, वेणी घातली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

आठ वाजले. जाडीच्या सपाता वाजू लागल्या. आज वाचणारी ती आणि घेणारी चष्मेवाली.

दहा. अकरा. बारा नंबरची म्हातारी. घेतलं.

सुनेने चादर नीट केली आणि उशीवर जरा वर सरकून त्यांच्याकडे तोंड केलं.

सपाता चार पावलं वाजल्या. थांबल्या नाहीत. दोघींपैकी कुणी मानही वळवली नाही. जाडीने पान उलटलं आणि तेरा नंबरचा ताप वाचला.

"आई," सून म्हणाली, "माझ्याकडे का नाही थांबल्या?"

सासूबाई उठल्या. त्यांनी चष्मेवालीचा दंड धरला आणि सगळं सांगितलं. तीन दिवस दुखत होतं. दुसऱ्या दिवशी एरंडेल दिलं, माझ्या हाताने, दोन मोठे चमचे, ती नको म्हणत होती. लिहा ते. वहीत लिहा आणि मग हात ठेवा तिच्या दांडीवर.

चष्मेवालीने वही मिटली. तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती हळू आवाजात बोलली, आणि ज्यांचं माणूस गेलंय त्या नातेवाइकांशीच सिस्टर त्या आवाजात बोलतात हे सासूबाईंना ठाऊक होतं.

"कळलं आजी. आता बसा इथे. तुमचा मुलगा येईल एवढ्यात. मग कागद देतो आम्ही."

आणि ती तेराच्या दांडीवर हात ठेवायला वळली.

सासूबाई परत येऊन स्टुलावर बसल्या. सुनेने त्यांचा हात धरला. घट्ट, उबदार पकड. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"तू बरी झालीस म्हणून थांबल्या नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

फेरी पुढच्या रांगेला गेली. झाडूपोछावाली मावशी बादली घेऊन आली आणि अकराकडून फरशी पुसत निघाली. बारा नंबरच्या पलंगापाशी तिने फडकं चाकांना वळसा घालून फिरवलं. मग ते एका सरळ फटकाऱ्यात तेरापर्यंत नेलं, मध्ये कुठेही न अडता. ओली फरशी चकाकत होती, भिंतीपासून वॉर्डाच्या मधल्या वाटेपर्यंत, सुनेच्या पलंगाच्या चारही चाकांखालीसुद्धा.